पोराचा पंचनामा

स्थळ आलं की मराठी माणसातला संशोधक जागा होतो. मुलाच्या आईच्या एका शब्दावरही त्याचा विश्वास नसतो. 'आमचा मुलगा अगदी शांत हो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही,' हे तो मान डोलावत ऐकतो, पोहे संपवतो आणि घरी आल्याआल्या फोन फिरवायला घेतो. त्याच्या ऑफिसात आपलं कोण आहे? होस्टेलला खोलीत बरोबर कोण होतं? खालच्या वाण्याकडे उधारी किती? चार ठिकाणांहून चार गोष्टी कळतात, चारही एकमेकींशी जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यावरूनच रात्री बायकोला निकाल सांगितला जातो: 'घरात मांजर, ऑफिसात वाघ. म्हणजे आईचा वचक आहे. आपल्या पोरीचं कठीण.'

हाच मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा रात्री दचकून उठायचा, सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं आणि वर्गात तो खिडकीबाहेर बघत बसायचा. तेव्हा चौकशी किती झाली? आईला विचारलं. तेही दवाखान्यात, बाहेर नंबर खोळंबलेले असताना आणि तो स्वतः शेजारच्या स्टुलावर पाय हलवत सगळं ऐकत असताना. जावई म्हणून त्याची जेवढी चौकशी होते, तिच्या पाव हिश्शानेही मूल म्हणून झालेली नसते.

वास्तविक मुलाबद्दल चार ठिकाणी विचारायचं, हे शहाणपण आपल्याकडे नवं नाही. १९३७ साली मुंबईत देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र निघालं. ते काढलं सर दोराबजी टाटांच्या नावाच्या समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने. अशा केंद्रांची पद्धत जगभर एकच होती: डॉक्टरने मुलाशी बोलायचं, मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घ्यायच्या आणि समाजकार्यकर्तीने पदर खोचून घरी, शाळेत, शेजारीपाजारी विचारपूस करून यायचं. आता विचारपूस करणारी बाई परवडत नाही. तिच्या जागी फॉर्म आला, आणि तो बहुतेक वेळा आईच्या व्हॉट्सॲपवर येतो.

फॉर्म वाईट असतात असं मात्र नाही. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली प्रश्नावली जगभर चालते. एका पानावर मावणारी २५ विधानं, प्रत्येकापुढे तीन चौकटी: बरोबर नाही, थोडंफार बरोबर, अगदी बरोबर. पालकांसाठी एक प्रत, शिक्षकांसाठी एक, आणि मूल अकरा वर्षांचं झालं की त्याच्यासाठीही एक. त्याआधीपासून अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या थॉमस आकेनबाख यांची शंभरावर प्रश्नांची यादी चालत आली आहे, तिच्याही आई-वडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि अकराच्या पुढच्या मुलांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या. म्हणजे फॉर्म काढणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं की एकाला विचारून भागणार नाही. तीन प्रती त्यांनी छापल्या. एकच भरून घ्यायची, ही आपली काटकसर.

आता तीनही भरल्या तर काय होतं, ते बघू. आकेनबाख आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली असे ११९ अभ्यास एकत्र करून एक साधा प्रश्न विचारला: एकाच मुलाबद्दल वेगवेगळी माणसं जे सांगतात, ते जुळतं किती? तंतोतंत जुळलं तर १, एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नसला तर ०. आई आणि वडील, म्हणजे एकाच भूमिकेतली दोन माणसं, यांचं सरासरी जुळणं निघालं ०.६०. पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या वेगळ्या भूमिकांतल्या मोठ्यांचं ०.२८. आणि मूल स्वतः एकीकडे, बाकीचे मोठे दुसरीकडे, यांचं ०.२२.

आधी त्या ०.६० कडे बघा. एका छपराखाली राहणारी, एकाच कर्जाचे हप्ते फेडणारी, एकाच कढईतली भाजी खाणारी दोन माणसं, आणि स्वतःच्या पोराबद्दल त्यांचं जुळतं एवढंच. पत्रिकेतले छत्तीस गुण कामाला आले कुठे, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारतो. ०.२८ ची अवस्था तर आणखी नाजूक. त्याचा वर्ग केला तर ०.०८ च्या आसपास येतं, म्हणजे आईच्या उत्तरांत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला शंभरातला आठेक भाग मॅडमच्या उत्तरांशी सूर जुळवतो. उरलेले ब्याण्णव ज्याचे त्याने घरी न्यावेत.

मेरिलँड विद्यापीठातले आंद्रेस दे लोस रेयेस आणि सहकारी यांनी २०१५ साली हिशेब पुन्हा मांडला. या खेपेला ३४१ अभ्यास होते, १९८९ ते २०१४ या काळातले. आकडा आला ०.२८. मधल्या २८ वर्षांत बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ गेला, फोन बापाच्या खिशात आला आणि तिथून पोराच्या हातात गेला. आई आणि मॅडम मात्र होत्या तिथेच.

ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांना तर हे त्याच्याही आधी दिसलं होतं. १९६०च्या दशकात त्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरची दहा-अकरा वर्षांची मुलं झाडून तपासली. पालकांच्या प्रश्नावलीने काही मुलं वेगळी काढली, शिक्षकांच्या प्रश्नावलीनेही काढली. पण दोन्ही याद्यांमध्ये नाव असलेली मुलं मोजकीच निघाली. बेट लहान, तेव्हा दुसऱ्याच गावची मुलं मोजली गेली म्हणायलाही वाव नव्हता.

इथे आपल्याकडचा कोणताही सरळमार्गी माणूस विचारेल: मग खोटं कोण बोलतंय?

दवाखान्यात हा प्रश्न विचारावा लागत नाही, तो आपोआप हजर होतो. आई म्हणते, 'घरी एक मिनिट बसत नाही हो डॉक्टर, पंख्याला लटकायचा बाकी आहे.' शाळेची चिठ्ठी म्हणते, 'वर्गात शांत असतो. त्रास नाही.' त्यावर वडील आईकडे बघतात. नुसतं बघतात, पण त्या बघण्यात 'तूच लाडावून ठेवलंयस' हे संपूर्ण वाक्य क्रियापदासकट असतं. मग आई शाळेवर घसरते: त्यांचं लक्षच नाही. मॅडम फोनवर आईवर घसरतात: घरी शिस्तच नाही. मूल स्टुलावर. पाय हलतायत.

शिकागोत लॉरेन वाक्श्लाग यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक खोली मांडली. मुलाने तिथे एकदा आपल्या आईबरोबर बसायचं आणि एकदा परक्या बाईबरोबर. कामं त्याच धर्तीची: खेळणी आवरून ठेव, मोह होईल त्या वस्तूला हात लावू नकोस, मोठं माणूस कामात असताना आपापला खेळ. दे लोस रेयेस आणि त्यांनी मिळून २००९ साली या खोलीतलं वागणं आणि आधी भरून घेतलेले फॉर्म शेजारी-शेजारी ठेवले. ज्या मुलांची तक्रार फक्त घरून होती, ती मुलं खोलीत आईसमोर बिघडली आणि परक्या बाईसमोर सुतासारखी सरळ वागली. ज्यांची तक्रार फक्त शाळेतून होती, त्यांनी परकीसमोर रंग दाखवले.

म्हणजे आईही खरं बोलत होती आणि मॅडमही. वीस वर्षं संशोधक ज्याला मोजमापातली चूक म्हणून हात जोडत होते, तीच मुळात मुलाची माहिती होती. पोर कुठे बिघडतं, कुणासमोर बिघडतं, कुठे सावरतं, हे त्या फरकात लिहिलेलं होतं. आपण तो फरक खोडरबराने पुसत होतो.

एक उदाहरण जरा जवळून बघा. गुडमन यांच्या फॉर्मात डोकेदुखी, पोटदुखी वगैरे तक्रारी वारंवार असतात का, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. आई 'अगदी बरोबर' वर खूण करते, कारण सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वासहाला पोट धरून बसलेलं पोर तिने पाहिलंय आणि ओवा-गरम पाणी तिनेच दिलंय. वडील 'बरोबर नाही' म्हणतात. ते बदलापूरहून पावणेसहाची लोकल पकडतात. त्यांना भेटतं ते रविवारचं पोट, आणि रविवारचं पोट दोन प्लेट मिसळ पचवतं. मॅडमही 'बरोबर नाही' म्हणतात, कारण पहिला तास सुरू होईपर्यंत पोट थांबलेलं असतं. तीन फॉर्म, दोन विरुद्ध एक. लोकशाहीत आई हरली.

पण तीनही उत्तरं न पुसता एकापुढे एक ठेवा. दुखणं रोज सकाळी आहे, सुट्टीला नाही, शाळेच्या आत शिरल्यावर नाही. म्हणजे पोटात काही नाही, वर्गातही बहुधा नाही. जे काही आहे ते घराचा उंबरठा आणि शाळेचं फाटक यांच्या मधे आहे. आईला सोडून जाण्याची भीती असेल. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर कोणी चिमटे काढत असेल. हे एकट्या आईच्या उत्तरातून कधीच कळलं नसतं, आणि तिघांची सरासरी काढली असती तर 'थोडंफार बरोबर' एवढंच निघालं असतं. सरासरीने आजवर कुणाचं पोट बरं झालेलं नाही.

आणि व्हॅनचा विषय निघालाच आहे, तर व्हॅनवाल्या काकांना कोणी विचारलं? रोज दोन्ही वेळा ते पोराला बघतात. कोण एकटं बसतं, कोणाचा डबा दुसराच खातो, फाटकाशी आल्यावर कोणाचे पाय जड होतात, त्यांना पाठ असतं. दिवसभर घरी आजी असते. आईबाबा कामावर, पोर शाळेतून आजीच्या हातात. झोपेत काय बडबडतो, कोणाचा फोन आला की खोलीत जातो, हे तिला माहीत. तिने फॉर्म भरू नये असं कोणी म्हटलेलं नाही; मुलाला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाने भरावा एवढीच अपेक्षा असते. पण तिच्या हातात कागद द्यायचं आपल्याला सुचत नाही. 'आईंना काय कळतंय यातलं.' स्थळाची चौकशी करायला मात्र याच आईंच्या मैत्रिणी उपयोगी पडतात.

आता प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी. मॅडमपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे सोक्षमोक्ष त्यांच्याच शब्दावर लागतो.

जॉन वाइस आणि त्यांच्या थाई-अमेरिकी सहकाऱ्यांचा १९९५चा अभ्यास आमच्या प्रत्येक स्टाफरूममध्ये लावावा असा आहे. थायलंडच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी जास्त नोंदवल्या, अमेरिकी शिक्षकांनी कमी. इथवर वाचून कोणीही म्हणेल, थाई पोरं द्वाड. मग शिकवून तयार केलेले निरीक्षक वर्गांत जाऊन बसले आणि त्यांनी डोळ्यांनी बघून मोजलं. अमेरिकी मुलांचा वात्रटपणा थाई मुलांच्या दुप्पट भरला! मुलं तीच, गज वेगळा. जिथे पोराने मान खाली घालून बसणं हेच नॉर्मल, तिथे मान वर केली तरी ती तक्रार.

आपल्या गजाचं नाव आहे 'हाताची घडी, तोंडावर बोट'. या आसनात सातव्या वर्षी चाळीस मिनिटं बसू शकणाऱ्या मुलाची खरं तर तपासणी व्हायला हवी. तरी आपण उलट्या मुलाला पाठवतो. शिवाय मॅडमचीही बाजू आहे. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. शहरातल्या नावाजलेल्या शाळेत वर्गात पन्नास-साठ. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, रोज एक नवी लिंक. या माणसाला साठांतला कोण दिसणार? जो बाकावर चढतो तो. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेची, वही नीट ठेवणारी, कधीच हात वर न करणारी मुलगी 'त्रास नाही' या सदरात जाते. तिला त्रास आहे की नाही, असा प्रश्न नव्हता. तिचा आम्हाला नाही, एवढंच उत्तर आहे. वेगवेगळ्या माणसांची मतं आरडाओरडा, मारामारीबद्दल त्यातल्या त्यात जुळतात आणि भीती, उदासीबद्दल कमी जुळतात, हे १९८७ सालीच दिसलं होतं. उदासी आवाज करत नाही, म्हणून तिला साक्षीदार मिळत नाहीत.

वडिलांची साक्ष छोटी असते. 'मी पण लहानपणी असाच होतो. काय झालं मला?' हे विधान ते निर्दोष सुटकेचा पुरावा म्हणून सादर करतात. समोरचे डॉक्टर ते 'कौटुंबिक इतिहास' या रकान्यात लिहून घेतात, कारण चंचलतेचा विकार घराण्यातून उतरण्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा 'काय झालं मला' या प्रश्नाचं उत्तर देत असतो, पण तिला तेवढ्यासाठी आणलेलं नाही.

तिची साक्ष सगळ्यात मोठी आणि सगळ्यात आधी फेटाळली जाणारी. ती थकलेली आहे, रडवेली आहे, म्हणून ती वाढवून सांगते, हे घरात सर्वमान्य. शास्त्रातही हा समज बराच काळ मान वर करून फिरला: आई उदास असली की तिला पोरातही काळंच दिसतं. १९९२ साली जॉन रिक्टर्स यांनी असे अभ्यास तपासले, तेव्हा दाव्याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. पुढच्या काहींत परिणाम दिसला, पण थोडा. आईची झोप उडालेली आहे, हे पोराच्या वागण्याचं कारण असेल, परिणाम असेल किंवा दोन्ही. तिची साक्ष बाद करायचं कलम त्यातून निघत नाही. ती फिरवतेही, ते वेगळ्या ठिकाणी. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत पंख्याला लटकणारं हेच मूल 'अतिशय जिज्ञासू' असतं.

राहिलं मूल. त्याला विचारा म्हणणाऱ्यांचाही मी आंधळा भक्त नाही. सहा वर्षांच्या पोराला 'गेल्या सहा महिन्यांत तुला किती वेळा चिंता वाटली' हे विचारणं म्हणजे त्याच्या वेळेचा अपव्यय. त्याचे सहा महिने म्हणजे गेल्या गणपतीपासून केव्हाही. चंचल मुलं आपल्या अडचणी कमीच सांगतात. आणि आई शेजारी बसलेली असताना 'घरी कसं वाटतं?' याला 'छान' याशिवाय उत्तर देणारं मूल एक तर फार धीट, नाही तर फार खचलेलं. पण वय वाढतं तसं आतलं सांगू शकणारा साक्षीदार तोच एक उरतो. रटर यांनी बेटावरच्या त्याच मुलांना चौदा-पंधराव्या वर्षी पुन्हा गाठलं, तेव्हा आपण किती दुःखी आहोत हे सांगणारी बरीच मुलं निघाली. त्यांच्या आईबापांना आणि मास्तरांना त्याचा वाससुद्धा नव्हता.

आपल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ या वयात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं सांगितलं. साठांच्या वर्गात चार-पाच. ते चार-पाच कोण, हे ओळखायला अकरावी-बारावीला शिक्षक लागतो, आणि नेमका तोच तिथे नसतो. 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेत नाव कॉलेजात, देह क्लासात. कॉलेजच्या प्राध्यापकाने मुलाला पाहिलेलं असतं ते प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. क्लासच्या सरांना त्याचा रँक माहीत असतो. शिक्षकाची प्रत भरायची कोणी? लातूरला खोली घेऊन राहिलेल्या मुलाची पालकाची प्रतसुद्धा रोज रात्रीच्या फोनवर भरावी लागते: 'जेवलास का? टेस्ट कशी गेली?' दोनच प्रश्न, आणि दोन्हींची उत्तरं 'हो, बरी' अशी ठरलेली.

इथे जरा विनोद बाजूला ठेवतो. २०१९ साली अमेरिकेत ११ ते १७ वयाची पाच हजारांवर मुलं आणि त्यांचे पालक यांना वेगवेगळं विचारलेल्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जीव द्यावा असा विचार मनात आला होता, हे सांगणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या पालकांना त्याचा पत्ता नव्हता. आणि उलटंही होतं: पालकांनी 'हो, असं झालंय' म्हटलं, त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी 'छे, तसं काही नाही' म्हटलं. दोघांपैकी एकालाच विचारलं तर पुष्कळ मुलं हातातून सुटतात. या एका प्रश्नावर जुळवाजुळव करायची नसते. आई म्हणाली, मित्र म्हणाला, मूल म्हणालं, कोणीही एक म्हणालं, तेवढं पुरे. त्या दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्र असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो लावायचा.

बाकी विकारांत कोणाचं किती धरायचं, हा खरा कौशल्याचा भाग आहे. सगळ्यांनी म्हटलं तरच विकार मानायचा, असा कडक नियम केला तर तिसऱ्या बाकावरची मुलगी आयुष्यभर 'त्रास नाही'. एकाने म्हटलं तरी पुरे असा सैल नियम केला तर अख्ख्या सोसायटीला गोळ्या. चंचलतेच्या विकारासाठी २०१३ची अमेरिकी निदानपुस्तिका लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत असं म्हणते, ते याचसाठी: केवळ मॅडमना तो नको आहे, एवढ्यावर गोळी सुरू होऊ नये. उदासीचं तसं नाही. तिथे वर्ग हसतमुख म्हणतो म्हणून मुलाचं 'मला जगावंसं वाटत नाही' खोडता येत नाही. हे ठरवायला वेळ लागतो, आणि वेळ हे आपल्या ओपीडीतलं सगळ्यात दुर्मीळ औषध आहे.

सरकारही मागे नाही म्हणा. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ३६० अंशांचं प्रगतिपुस्तक आणलं. त्यात शिक्षकाचं मत हवं, वर्गमित्राचं हवं आणि मुलाने स्वतःचं मूल्यमापनही स्वतः करायचं. कल्पना उत्तम. अंमलबजावणी कशी होते ते प्रकल्पाच्या वह्या आदल्या रात्री कोण भरतं, हे माहीत असणाऱ्या कुठल्याही घराला सांगायला नको. मुलाचं स्वमूल्यमापन आईच्या वळणदार अक्षरात, वर्गमित्राचं मत त्या मित्राच्या आईशी फोनवर ठरवून, पालकांचा अभिप्राय व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवून. ३६० अंश फिरून बाण पुन्हा आईवर. आणि सगळी उत्तरं इतकी जुळलेली, की आकेनबाख यांनी आयुष्यात असा १ पाहिला नसेल.

म्हणून एक विनंती. मुलासाठी तज्ज्ञांची तारीख घ्याल तेव्हा फॉर्मच्या तीन प्रती मागा, चौथी आजीसाठी मागा. नवरा-बायकोंनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरा आणि एकमेकांच्या कागदात डोकावू नका. मॅडमना प्रत देताना 'त्रास देतो का' असं विचारू नका, 'मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो' असं विचारा. मुलाला त्याची प्रत द्या, दार लोटून घ्या आणि बाहेर आल्यावर काय लिहिलंस म्हणून विचारू नका. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरून रात्री बसून जुळवू नका. न जुळलेलीच घेऊन जा. डॉक्टरांनी त्यातला एकच कागद वाचून औषध लिहिलं, तर दुसरा डॉक्टर बघा.